चिखलदरा: पठाराच्या कडेवरचं गाव

नागपूरकरांना थंड हवेचं ठिकाण म्हटलं की आधी पचमढी आठवतं. चिखलदरा आठवतो तो बहुधा एका दिवसाच्या सहलीपुरता. पहाटे निघायचं, दुपारपर्यंत पोहोचायचं, गाडीतूनच पाच-सहा पॉइंट उरकायचे, गरम भजी आणि भाजलेलं कणीस खायचं आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा. अशा सहलीत दरी आणि धुकं दिसतं, पण सहाशे वर्षांचा किल्ला, कोरकू आदिवासींची गावं, गवळ्यांचे वाडे आणि पाठीमागे पसरलेलं मेळघाटचं जंगल हे सगळं राहून जातं.

चिखलदरा नीट पाहायचा असेल तर तिथली जमीन आधी समजून घ्यावी. धबधबे कुठे आहेत, किल्ला तिथेच का बांधला, तो पडला कसा, पाऊस किती पडतो, कॉफी का पिकते, या सगळ्याची उत्तरं गाव ज्या कड्यावर वसलं आहे त्या कड्यात आहेत. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

डोंगर कसा घडला

सातपुड्याची गाविलगड रांग अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागात पूर्व-पश्चिम पसरली आहे. तिच्या दक्षिण पायथ्याशी पूर्णा खोऱ्याचं सपाट, काळ्या मातीचं वऱ्हाड आहे. या दोहोंच्या मधून जमिनीला पडलेली एक मोठी भेग जाते. भूशास्त्रज्ञ तिला गाविलगड भ्रंश म्हणतात. भेगेच्या उत्तरेकडचा भाग उंच राहिला, दक्षिणेकडचा खचला, आणि खचलेल्या भागात नद्यांचा गाळ साचत जाऊन पूर्णेचं मैदान तयार झालं. त्यामुळे परतवाड्याकडून येताना डोंगर एकदम समोर उभा राहतो, आणि वर पोहोचल्यावर मात्र उत्तरेकडे उंच-सखल पठार लांबवर जात राहतं. ही गोष्ट लक्षात ठेवा: दक्षिणेला तुटलेला कडा, उत्तरेला पठार. पुढे किल्ल्यात तिचा उपयोग होणार आहे.

चिखलदरा या पठाराच्या दक्षिण कडेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. अमरावती शहराची उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते, या हिशेबाने वर आणि खाली सुमारे पाच अंशांचा फरक पडतो. मे महिन्यात अमरावती-नागपूर ४४ अंशांवर तापलेलं असताना वर दुपारचं ऊन लागतंच, पण संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसता येतं. मे महिन्यातल्या चिखलदऱ्याकडून महाबळेश्वरच्या गारव्याची अपेक्षा धरून गेलात तर मन खट्टू होईल. वऱ्हाडातल्या उन्हाळ्याशी तुलना केलीत तर समाधान मिळेल.

पावसाचंही तसंच. अरबी समुद्राकडून आलेले ढग तापी-पूर्णेच्या खोऱ्यातून पुढे सरकतात आणि या कड्याला भिडले की त्यांना वर चढावं लागतं. वर चढताना हवा थंड होते, तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं आणि खालच्या मैदानापेक्षा वर कितीतरी जास्त पाऊस पडतो. पठारावर पडलेलं पाणी दोन वाटांनी जातं. उत्तरेकडचं सिपना, खापरा, गडगा, डोलार अशा नद्यांमधून थेट तापीला मिळतं. दक्षिणेकडचं चंद्रभागेसारख्या नद्यांतून पूर्णेत उतरतं, आणि पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीलाच मिळते. चिखलदऱ्याच्या रस्त्याच्या दोन बाजूंना पडलेले दोन थेंब शेकडो किलोमीटरचा वेगवेगळा प्रवास करून पुन्हा एकाच नदीत येतात.

कधी जावं

प्रत्येक ऋतूत चिखलदरा वेगळं काहीतरी देतो आणि वेगळं काहीतरी झाकून ठेवतो. आपल्याला काय हवं आहे ते ठरवून मग तारीख काढावी.

जुलै ते सप्टेंबर हा धबधब्यांचा आणि धुक्याचा काळ. इथले बहुतेक धबधबे पावसावर चालतात. गावाजवळचं पठार लहान आहे, खडक कठीण बेसाल्टचा आहे, त्यामुळे पाणी फारसं साठून राहत नाही. पाऊस पडला की कड्यावरून कोसळतं, थांबला की काही आठवड्यांत धार बारीक होते. या दिवसांत पॉइंटवर जाऊन समोर नुसता पांढरा पडदा दिसण्याची तयारी ठेवावी. अर्धा तास थांबलं तर वारा सुटून दरी उघडते, आणि ते दृश्य थांबणाऱ्यालाच मिळतं. मात्र पावसाळ्यात मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते. शनिवार-रविवार आणि पंधरा ऑगस्टच्या आसपास घाटात गाड्यांची रांग लागते, म्हणून जमल्यास मधले वार निवडावेत.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा किल्ला, पायी भटकंती आणि पक्ष्यांचा काळ. हवा स्वच्छ असते, खालचं मैदान दूरवर दिसतं. ऑक्टोबरमध्ये गवत माणसाच्या कमरेइतकं असतं. डिसेंबरपर्यंत ते वाळतं आणि किल्ल्यातल्या वाटा मोकळ्या होतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते. स्वेटर, कानटोपी सोबत हवीच.

मार्च ते मे हा पानगळीचा काळ. सागाचं जंगल उघडं होतं आणि पाणवठे मोजके उरतात, त्यामुळे वन्यप्राणी दिसण्याची शक्यता वाढते. मोहाची फुलं याच दिवसांत गळतात आणि पहाटे टोपल्या घेऊन ती वेचणारी कोरकू माणसं रानात दिसतात. याच काळात वणव्याचा धोकाही सर्वांत जास्त असतो. पानांच्या थरावर टाकलेल्या एका विडीच्या थोटकाने डोंगराची अख्खी उतरण पेटू शकते.

नागपूरहून रस्ता

नागपूर ते चिखलदरा अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे. स्वतःच्या गाडीने, थांबे धरून पाच-सहा तास हाताशी ठेवावेत. समृद्धी महामार्ग अमरावती शहराच्या बराच दक्षिणेकडून जातो, म्हणून इथे जुना अमरावती रस्ताच सोयीचा: बाजारगाव, कोंढाळी, कारंजा घाडगे, तळेगाव, तिवसा, मोझरी आणि अमरावती. हिवाळ्यात कोंढाळी-कारंज्याच्या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागलेले असतात. मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आणि समाधी आहे. महाराजांचं निर्वाण १९६८ सालचं. अर्धा तास काढून तिथे टेकल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रेल्वेने यायचं तर बडनेरा हे सोयीचं स्थानक. तिथून अमरावती जवळच आहे आणि अमरावती व परतवाडा इथून चिखलदऱ्याला एसटी मिळते. अमरावतीत नाश्त्याला थांबलात तर तिथला गिला वडा खाऊन पाहा.

परतवाडा हे घाट चढण्यापूर्वीचं शेवटचं मोठं गाव. पेट्रोल, औषधं, रोख पैसे आणि टॉर्चचे सेल इथेच घेऊन ठेवावेत, कारण वर सोयी मर्यादित आहेत आणि जंगलात मोबाईलची रेंज भरवशाची नसते. इथून वर जायला दोन वाटा आहेत. एक धामणगाव गढी आणि मोथा गावावरून, दुसरी घटांगवरून. पहिल्यांदा जाणाऱ्याने वर जाताना एक वाट आणि उतरताना दुसरी धरावी. डोंगराच्या दोन वेगळ्या बाजू दिसतात. घाट अरुंद आणि वळणांचा आहे. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवावी, सतत ब्रेक दाबून तो तापवू नये. धुक्यात हेडलाइट लांबवर मारला की प्रकाश उलटून डोळ्यांवरच येतो, म्हणून दिवा खालीच ठेवावा. आणि काहीही झालं तरी सूर्यास्तापूर्वी वर पोहोचावं.

परतवाड्याला लागूनच असलेलं अचलपूर चुकवू नये. आज तालुक्याचं गाव असलेलं हे अचलपूर एकेकाळी वऱ्हाडच्या इमादशाही राज्याची राजधानी होतं. गाविलगड हा त्याच राज्याचा डोंगरावरचा पहारेकरी होता.

पहिली दुपार: पायी

जुन्या ब्रिटिश गॅझेटिअरमध्ये चिखलदऱ्याच्या पठाराची लांबी जेमतेम एक मैल आणि रुंदी पाऊण मैल नोंदवली आहे. म्हणजे मूळ गाव पायी फिरता येईल एवढंच आहे. १८२३ साली हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने हे ठिकाण शोधल्याचं सांगतात. खरं तर गवळी आणि कोरकू इथे कितीतरी आधीपासून राहत होते. रॉबिन्सनने ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेत आणलं, आणि वऱ्हाडातल्या साहेबांचं ते उन्हाळ्याचं मुक्कामाचं गाव झालं. इथे राहणाऱ्यांची आठवण त्याहून जुनी आहे. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं, तो कीचकदरा, आणि रक्ताने माखलेले हात त्याने धुतले ते भीमकुंड, अशी कथा गावात कुणीही सांगतं. जवळच्या वैराटचं नातं लोक विराट राजाशी जोडतात.

गाडी मुक्कामाच्या ठिकाणी लावून पहिल्या दुपारी देवी पॉइंटकडे निघावं. तिथे कड्याखालच्या कपारीत देवीचं स्थान आहे आणि छतातून पाणी सतत झिरपत असतं. खडकाकडे जवळून पाहिलं की हे पाणी कुठून येतं ते कळतं. सातपुड्याचा हा भाग लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा बनला आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो, वरचा भाग मात्र वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी भेगांतून खाली उतरतं, सच्छिद्र थरात पसरतं आणि खालचा घट्ट थर लागला की आडवं वाहून कड्याच्या तोंडाशी बाहेर येतं. पावसाळा संपल्यावरही ही झिरपण चालू राहते ती या साठ्यामुळे. हात लावून पाहा, पाण्याच्या रेषेवरचा खडक जाळीदार आणि खालचा गुळगुळीत लागेल.

पंचबोल पॉइंटवर आवाज दिला की तो अनेकदा उलटून येतो. समोर डोंगरांच्या वेगवेगळ्या अंतरावरच्या भिंती आहेत. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तेवढ्याच अंतरावरच्या कड्यावरून परत यायला दोन सेकंद लागतात, त्यामागच्या कड्यावरून आणखी थोडे जास्त. म्हणून एकच हाक तुटक तुटक परतते. एकदा हाक द्यावी आणि पूर्ण शांत राहून ऐकावं. एकाच वेळी वीस माणसं ओरडू लागली की प्रतिध्वनी कुणालाच ऐकू येत नाही, आणि खालच्या जंगलातल्या जनावरांना उगाच त्रास होतो.

हरिकेन पॉइंट, मोझरी पॉइंट आणि भीमकुंड यांपैकी दोन ठिकाणं त्या दिवशी पुरेत. हरिकेन पॉइंटवर वारा जोराचा असतो, लहान मुलांचा हात सोडू नये. गोराघाट आणि हरिकेन या दोन पॉइंटना जोडणारा ४०७ मीटर लांबीचा काचेचा स्कायवॉक सिडकोने हाती घेतला आहे. तो पाहायचाच असं ठरवून निघणार असाल तर आधी चौकशी करून घ्यावी. सूर्यास्ताला उंचीवर जायचं तर वैराट निवडावं. ११७८ मीटरचं हे मेळघाटातलं सर्वांत उंच ठिकाण. तिथून मेळघाटच्या डोंगररांगा एकामागे एक दिसतात. हा भाग वनखात्याच्या ताब्यात असल्याने प्रवेशाची वेळ आणि परवानगी विचारून जावं.

दुसरी सकाळ: गाविलगड

गाविलगडाला अख्खी सकाळ द्यावी. गावापासून तो दोन-अडीच किलोमीटरवर आहे, पण आतला विस्तार मोठा आहे आणि नीट पाहायला तीन-चार तास लागतात. आत खायला-प्यायला काही मिळत नाही. माणशी दोन लिटर पाणी, पायात बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सोबत स्थानिक वाटाड्या असावा. हा भाग जंगलात येतो. अस्वलं पहाटे आणि संध्याकाळी हिंडतात, म्हणून ऊन वर आल्यावर आत शिरावं आणि दुपार कलण्याआधी बाहेर पडावं. तटाला आग्या मोहोळ असू शकतं. तिथे धूर करू नये, उग्र अत्तर लावून जाऊ नये.

इतिहासकार फरिश्त्याच्या ग्रंथानुसार बहमनी सुलतान अहमदशाहने १४२५ च्या सुमारास हा किल्ला बांधवला. गवळ्यांची वस्ती आणि त्यांचा गड त्याआधीही इथे असावा, असं नावावरून मानलं जातं. पुढे फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क याने १४८८ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती केली आणि दोनच वर्षांनी, १४९० साली, वऱ्हाडचं स्वतंत्र राज्य उभं केलं. हा फतेहउल्ला मूळचा विजयनगरकडचा, लहानपणी युद्धात पकडला जाऊन बहमनी सरदारांकडे वाढलेला. किल्ल्याच्या दरवाजांवरची शिल्पं पाहताना हे लक्षात ठेवावं. तिथे दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी कोरला आहे, सोबत सिंह आणि हत्ती आहेत. गंडभेरुंड हे विजयनगरच्या कलेतलं ठळक चिन्ह. वऱ्हाडातल्या सुलतानाच्या किल्ल्यावर ते कोरलेलं आहे, आणि ते कोरवून घेणारा माणूस कुठून आला होता ते त्या दगडाकडे पाहताना मनात येतंच. कमानीखाली उभं राहून मान वर करून पाच मिनिटं पाहा. ऊन तिरपं असताना पिसांच्या रेषा उठून दिसतात.

१५७४ मध्ये वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेलं, १५९६ मध्ये मुघलांकडे, आणि अठराव्या शतकात हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे आला. नागपूरकरांसाठी या गडाची ओढ इथूनच सुरू होते. कारण दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात भोसल्यांचा शेवटचा मोठा पराभव याच तटावर झाला.

ती लढाई जमिनीवर उभं राहूनच समजते. किल्ल्याचे दोन भाग आहेत. आतला मुख्य किल्ला दक्षिणेकडे, जिथे खाली तुटलेला कडा आणि वऱ्हाडचं मैदान आहे. त्या बाजूने चढून येणं जवळजवळ अशक्य. बाहेरचा किल्ला उत्तरेकडे, जिथे गड पठाराला जोडलेला आहे. दोघांच्या मध्ये एक खोल घळ आहे. म्हणजे कड्याने तीन बाजू राखल्या आणि चौथी बाजू माणसांनी तट बांधून राखली.

२३ सप्टेंबर १८०३ ला असई आणि २९ नोव्हेंबरला अडगाव इथे जिंकून इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अचलपूरला पोहोचला. दक्षिणेकडून चढण्यात अर्थ नाही हे त्याने ओळखलं. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीला डोंगरातून मोठा वळसा घालून उत्तरेच्या लबाडा गावाकडे पाठवलं. त्या वाटेवर तोफा नेण्यासारखा रस्ता नव्हता. सैनिकांनी आधी रस्ता केला आणि मग दऱ्याखोऱ्यांतून जड तोफा हातांनी ओढत नेल्या. ७ डिसेंबरला निघालेली तुकडी १२ तारखेला लबाड्याला पोहोचली. १३ पासून मारा सुरू झाला, १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला खिंडार पडलं आणि १५ डिसेंबरला सकाळी हल्ला झाला. दक्षिणेकडूनही तुकड्या दरवाजांकडे सोडल्या होत्या, म्हणजे किल्लेकऱ्यांचं लक्ष विभागलं जावं. त्यांत ७४ आणि ७८ या स्कॉटलंडच्या डोंगरी पलटणी होत्या.

बाहेरचा किल्ला पडला, तरी आतला तट शाबूत होता आणि मध्ये घळ होती. तेव्हा ९४ व्या पलटणीतल्या कॅप्टन कॅम्पबेलने आपल्या हलक्या तुकडीसह घळ ओलांडून आतल्या तटाला शिड्या लावल्या, तो चढून गेला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेणीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांना कटक-बालासोरसह ओडिशाचा प्रदेश आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड सोडावं लागलं. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले तेवढे त्यांच्याकडे राहिले. पुढे १८५७ च्या उठावानंतर, १८५८ मध्ये, इंग्रजांनी गाविलगडाची तटबंदी निकामी करून टाकली, म्हणजे पुन्हा कुणी बंडखोर त्याचा आसरा घेऊ नये.

उत्तरेच्या बाहेरच्या तटावर उभं राहून लबाड्याच्या दिशेने पाहा, मग घळीच्या काठावर या आणि समोरचा आतला तट पाहा. १८०३ सालचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो. आत तलाव, मोठी मशीद, देवळं आणि तोफा आहेत. एवढ्या उंचीवर शेकडो माणसं वर्षभर कशी राहत असतील याचं उत्तर तलावांत आहे. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवून ते वर्षभर पुरवलं जाई. तोफांवर चढून फोटो काढू नयेत, दगडांवर नावं कोरू नयेत. तट आधीच ढासळत आहे, आणि तटावर चढणाऱ्याच्या जिवालाही धोका आहे.

जंगल: वाघापलीकडे

मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ चा. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी तो एक. त्याच्या गाभ्यात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे. सेमाडोह, कोलकास, हरिसाल, शहानूर अशी प्रवेशाची ठिकाणं आहेत आणि चिखलदऱ्याजवळूनही सफारी निघते. आरक्षण ऑनलाइन होतं. जिप्सीचे आणि वाटाड्याचे पैसे प्रवेशशुल्काशिवाय वेगळे द्यावे लागतात, म्हणून निघण्यापूर्वी एकूण खर्च विचारून घ्यावा. ओळखपत्राची मूळ प्रत सोबत ठेवावी.

ताडोबाला जाऊन आलेल्या नागपूरकराने एक गोष्ट मनाशी पक्की करावी: मेळघाटात वाघ सहज दिसत नाही. जंगल डोंगराळ आहे, विस्तार मोठा आहे आणि पाण्याच्या जागा विखुरलेल्या आहेत. इथे पाहायचे ते रानगवे, सांबर, अस्वलं, रानकुत्री आणि मुख्यतः पक्षी. रानपिंगळा हा छोटा, दिवसाही हालचाल करणारा घुबडाच्या कुळातला पक्षी शंभराहून अधिक वर्षं नाहीसा झाला असं मानलं जात होतं. १९९७ मध्ये तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाट हे त्याचं महत्त्वाचं घर असल्याचं दिसून आलं. जुना, ढोल्या असलेला साग त्याला घरट्यासाठी लागतो. म्हणून इथलं प्रत्येक म्हातारं झाड मोलाचं आहे.

कोरकू आणि गवळी

मेळघाटात बहुसंख्य लोक कोरकू आहेत. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही. ती झारखंडमधल्या मुंडारी आणि संथाळीची बहीण आहे, आणि त्या भाषाकुळाचं हे पश्चिमेकडचं टोक. कोरकू गाव ओळखायला सोपं: मध्ये रुंद मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या सरळ रांगा, मागे परसबाग. शेतात कुटकी, सावा, ज्वारी, मका. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांत बासरी वाजवत, पायात घुंगरू बांधून नाचणारे थाट्या गुराखी दिसतात. सुटी त्या दिवसांत जुळली तर एक आठवडी बाजार जरूर पाहावा. फोटो काढायचा असेल तर आधी विचारावं. घराच्या दारात न विचारता शिरू नये.

चिखलदऱ्याच्या आसपासचे गवळी दूध-खव्यावर जगतात. गावातली रबडी त्यांच्याच म्हशींच्या दुधाची. मोथा गावाच्या परिसरात हिवाळ्यात स्ट्रॉबेरी मिळते. विदर्भात कॉफी पिकते ती इथेच, कारण तिला लागणारी उंची, सावली आणि पाऊस या एकाच पठारावर जुळून येतात. डोंगराच्या पायथ्याचं पायविहीर हे गाव सामूहिक वनहक्क मिळवून आपलं जंगल स्वतः राखतं आणि तिथली सीताफळं विकतं. धारणीजवळच्या लवादा इथल्या संपूर्ण बांबू केंद्रात कोरकू कारागिरांनी केलेल्या बांबूच्या वस्तू मिळतात. मेळघाटचं नाव वर्तमानपत्रांत बहुतेकदा कुपोषणाच्या बातमीत येतं. या माणसांच्या हातचं काम आणि शेतमाल रास्त भावाने विकत घेणं, ही पर्यटक म्हणून आपल्याला सहज करता येण्यासारखी गोष्ट आहे.

बेत कसा आखावा

दोन रात्री आणि तीन दिवस हा चिखलदऱ्याचा योग्य बेत आहे. पहिल्या दिवशी प्रवास, अचलपूर आणि संध्याकाळी एक-दोन पॉइंट. दुसऱ्या दिवशी सकाळी गाविलगड, दुपारी विश्रांती, संध्याकाळी वैराट किंवा भीमकुंड. तिसऱ्या दिवशी पहाटे सफारी किंवा सेमाडोह-कोलकासची फेरी, आणि उतरताना दुसरी घाटवाट. पावसाळ्यात गेलात तर सफारीच्या जागी धबधबे ठेवा. वयस्क माणसं सोबत असतील तर किल्ल्यात पहिल्या दरवाजापर्यंत जाऊन परत फिरणंही पुरेसं आहे. आणखी एक दिवस असेल तर परतवाड्याजवळचं मुक्तागिरी धरा. तिथे डोंगरावर बावन्न जैन मंदिरं आहेत.

मुक्कामासाठी पर्यटन महामंडळाचं निवासस्थान, वनखात्याची विश्रामगृहं आणि खासगी लॉज आहेत. पावसाळ्यातल्या सुट्यांना आरक्षणाशिवाय निघू नये. ओल्या शेवाळी खडकावर, धबधब्याच्या माथ्याशी किंवा कठड्यापलीकडे पाऊल टाकू नये. वरच्या भागात झालेल्या पावसाने ओढा काही मिनिटांत भरतो, म्हणून आभाळ भरून आलं की पाण्यातून बाहेर यावं. माकडांना खायला घालू नये. उन्हाळ्यात गावात पाण्याची टंचाई असते, तेव्हा लॉजमधलं पाणी जपून वापरावं. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पाकिटं गाडीत ठेवून नागपूरला परत आणावीत. कडेवरून फेकलेली प्रत्येक बाटली पुढच्या पावसात सिपनेत किंवा चंद्रभागेत जाते.

विदर्भाला एकच चिखलदरा आहे, आणि तो आपल्यापासून एका सकाळच्या अंतरावर आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा पॉइंटची यादी निम्मी करा आणि एक रात्र वाढवा. किल्ल्यात वाटाड्या घ्या, रबडी गवळ्याकडूनच घ्या आणि मुलांना घळीच्या काठावर उभं करून १८०३ ची लढाई सांगा. नागपूरच्या राज्याचं भवितव्य जिथे ठरलं ती जागा नागपूरच्या मुलांनी स्वतःच्या पायांनी चालून पाहिलीच पाहिजे.